माईंच्या माडीवरचं पाणी

आमचं घर आळीत मधोमध. त्यामुळे उजवीकडच्या माईंना डावीकडच्या तात्यांशी बोलायचं झालं की ते बोलणं आमच्या अंगणावरून जातं. दोन्हीकडे चिऱ्याचे कमरेएवढे गडगे, आणि मधे मी, कपडे वाळत घालत किंवा अर्धवट वाळलेले परत आत नेत. श्रावणात दुसरंच काम जास्त. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस; सर थांबली की जी काय पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात आळीच्या सगळ्या बातम्या उरकाव्या लागतात.

सध्या बातमी एकच, माईंच्या नातवाची माडीवरची खोली.

बाबू पुण्याची नोकरी सोडून आला तेव्हाच लोकांच्या जिभेला काम लागलं होतं. त्यानं माडीवरच्या खोलीची खिडकी आतून बुजवली, दाराला रबराची पट्टी ठोकली, आणि रात्री झडपेच्या फटीतून जांभळा उजेड रस्त्यावर पडायला लागला, तेव्हा तर विचारूच नका. वरच्या आळीतल्या एका काकूंनी मला दुधाच्या रांगेत हळूच विचारलं, "काय गो, गांजा लावलाय म्हणे?" आता एनडीपीएस कायदा १९८५ सालचा; घरात गांजाचं एक रोप सापडलं तरी माणूस आत जातो, हे बाबूला ठाऊक नसेल का? पण काकूंना उत्तर नको होतं, बातमी हवी होती.

बातमी अशी की त्यानं बेसिल लावलंय. आणि लेट्यूस. गणपतीपुळ्याच्या बाजूची दोन-तीन हॉटेलं घेतात. माईंना बेसिल म्हणजे काय ते कळेना, तेव्हा तात्यांनी गडग्यावरून सांगितलं, "माई, अहो सब्जा! फालुद्यात घालता ना, त्याचंच झाड."

"सब्जा?" माई म्हणाल्या. "मग तो परसात येत नाही होय? त्याला माडी कशाला लागते? आणि वर एसी!"

प्रश्न चुकीचा नाही. मार्च-एप्रिलात परसात येतो. जूनपासून चार महिने मात्र कोकणातल्या पावसात त्याचा पाला टिकत नाही, कुजतो, आणि हॉटेलवाल्याला तर वर्षभर सारखंच पान पाहिजे. म्हणून बंद खोली. बाहेरची हवा आत नाही, बाहेरचे किडे आत नाहीत. आतला उजेड बाबूचा, थंडावा बाबूचा. आणि आतला दमटपणाही बाबूचाच, ही गोष्ट मात्र त्याच्या उशिरा ध्यानात आली.

झालं असं, की माईंच्या देवघराच्या छताला ओल आली. देवघर बरोब्बर त्या खोलीखाली. माईंनी गवंड्याला बोलावलं, त्यानं वर चढून स्लॅब ठोकून बघितला आणि वॉटरप्रूफिंगचा आकडा सांगितला. आकडा ऐकून माई गडग्यावर आल्या.

आमच्या तात्यांचा जन्म मिरकरवाड्याच्या बाजूला बर्फाच्या कारखान्यात गेला. मासळीच्या बोटींना बर्फ लागतो, तो करणारी मशीनं ते सांभाळत. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून ते आजार सांगतात. ते चप्पल काढून देवघरात गेले, छताकडे बघितलं, बोटानं एक थेंब टिपला नि बाहेर आले. "माई, गवंड्याला परत पाठवा. स्लॅब गळत नाहीये, घामेजतोय. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं की नाही, तसं."

गणित सरळ आहे. पावसाळ्यात आमच्या हवेत इतकी वाफ असते, की कुठलीही वस्तू साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गेली की तिच्यावर पाणी धरतं. बाबूची खोली रात्री वीस-बावीसवर. म्हणजे तिची जमीन, म्हणजेच देवघराचं छत, आणि तिच्या भिंतींची बाहेरची बाजू, सगळ्यालाच घाम फुटणार. त्याला औषध म्हणजे जमिनीला नि भिंतींना थर्माकोलसारखं काहीतरी इन्सुलेशन, किंवा शीतगृहाला लावतात ती पफ पॅनेलं. खोलीत ओल काढणारं कितीही भारी मशीन बसवलं तरी देवघराचं छत सुकणार नाही. तात्यांचं म्हणणं, लोक छताची ओल आणि खोलीतल्या हवेची ओल यांची गल्लत करतात, आणि दुकानदाराला ती सोडवायची काही गरज वाटत नाही.

"पण मशीन तरी कशाला मग?" माईंनी विचारलं. कारण बाबू त्याच दिवशी त्यांच्यापाशी डिह्युमिडिफायरसाठी पैसे मागून गेला होता. बातमीचा खरा मुद्दा तो होता. देवघराचं छत हे नुसतं निमित्त.

बाबूला हाक मारली. तो एक पान घेऊनच खाली आला. वरून पान बरं दिसत होतं, फक्त शिरांच्या मधे जरा पिवळं. त्यानं ते उलटं केलं. खालच्या बाजूला राखी, किंचित जांभळट लव. चष्मा वर करून तात्या बघत राहिले. नाशिकची द्राक्षवाली मंडळी ज्याला डावणी म्हणतात, त्याच घराण्यातला रोग. आणि याची खोड अशी, की तो अंधारात आणि दमट हवेत बीज धरतो. दिवसा सगळं छान, रात्रीत काम तमाम.

"दिवे कधी बंद करतोस?" तात्यांनी विचारलं.

"रात्री दहाला. सकाळी सहाला चालू."

"दिव्यांच्या वेळी ह्युमिडिटी किती?"

"पासष्ट. सव्वीस अंशांवर."

"आणि दिवे गेल्यावर?"

बाबू गप्प. नव्वदच्या वर जाते म्हणाला, पण मीटर खराब असेल असं त्याला वाटत होतं.

मीटर खराब नव्हतं. सव्वीस अंशांवर पासष्ट टक्के असलेली हवा तशीच, एक थेंब न घालता, वीस अंशांवर आणली तर ती आपोआप ९३ टक्के होते. थंड हवेला वाफ कमी मावते, एवढंच. दिवे गेले की खोली गार होते, आणि नेमका त्याच वेळी एसीही संप करतो. त्याला थंड करायला काही उरलेलंच नसतं. कॉम्प्रेसर मंदावतो, गार जाळी कोमट होते, आणि पंखा चालू राहिला तर जाळीवर धरलेलं पाणी परत खोलीत उडतं. दिवसभर जो एसी झाडांनी सोडलेली वाफ गपचूप बाहेर काढत होता, तो रात्री तीच परत देतो. बाबूनं रेटिंगचे तारे मोजून इन्व्हर्टर एसी घेतला होता. वीज वाचवणारा एसी जितका शहाणा, तितका तो अशा वेळी कमी पाणी काढतो.

तात्या एकदा या विषयावर आले की त्यांना थांबवणं कठीण. "मुळात एसी जन्मालाच आला दमटपणासाठी," ते म्हणाले. "१९०२ साल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. उन्हाळ्यात कागद ओल धरून फुगायचा, आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर नावाच्या इंजिनिअरनं हवेतली ओल धरायला यंत्र रचलं. माणसाला गार वाटावं हा विचार मागाहून." माईंना यात रस नव्हता. त्यांनी विचारलं, "मशीन केवढ्याला?"

आणि इथे खरा वाद लागला. दुकानदारानं बाबूला खोलीचं माप विचारलं होतं. दहा बाय बारा म्हटल्यावर लगेच एक मॉडेल काढून दिलं: "एवढ्या स्क्वेअर फुटाला हे बस होतं." तात्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, फूट कसले मोजतोस? ते झोपायच्या खोलीला, पुस्तकांच्या कपाटाला. तुझ्या खोलीत झाडं आहेत!" मग त्यांनी माझ्याच गडग्यावर, ओल्या शेवाळावर बोटानं आकडे काढले. दहा बाय बारा, उंची नऊ फूट, म्हणजे सुमारे तीस घनमीटर हवा. पंचवीस अंशांवर ही सगळी हवा वाफेनं काठोकाठ भरली, तरी तिच्यात मावतं पाऊण लिटरपेक्षा कमी पाणी. खोलीच्या मापाचा हिशेब तेवढ्यापुरता. आता झाडांकडे बघ. झाड मुळांनी जेवढं पाणी ओढतं त्यातलं शेकडा पंचाण्णवच्या वर पानांतून हवेत सोडून देतं. अंगात ठेवतं ते थोडंसं. "टाकीत रोज किती घालतोस?"

बाबूनं वही काढली. पोराला एक चांगली सवय आहे, सगळं लिहून ठेवतो. रोज सरासरी सोळा लिटर. त्यातलं लिटर-दीड लिटर कापलेल्या पाल्यातून हॉटेलात जातं. उरलेले साडेचौदा-पंधरा लिटर कुठे गेले? निचरा तर परत टाकीतच येतो. म्हणजे ते हवेत गेले, आणि बंद खोलीच्या हवेतून ते कोणीतरी काढायला हवेत. रोज. एकही दिवस न चुकता.

"कळशीभर पाणी ओतायचं आणि कळशीभर काढायचं," माई म्हणाल्या. "हा काय धंदा झाला?" पण गणित त्यांनी आमच्या सगळ्यांच्या आधी पकडलं होतं. स्क्वेअर फुटांच्या तक्त्यात जे नाही, ते त्या एका वाक्यात आहे.

पुढे तात्यांनी त्याला एक कामगिरी दिली: रात्री दहाला टाकीवर खडूनं खूण कर, सकाळी सहाला दुसरी. बाबूनं आठवडाभर केलं. रात्रीतून साधारण तीन लिटर जात होते. झाडं अंधारात पानांची तोंडं मिटतात पण पुरती नाही, आणि ओले ट्रे वाफ सोडतातच. हे तीन लिटर नि पहिल्या तासाचा तो उसळलेला दमटपणा, मशीनचं खरं काम एवढंच. दिवसाचा भार एसी बऱ्याच अंशी उचलतो. म्हणजे मशीन निवडायचं ते वीस अंशांच्या, अंधाऱ्या खोलीसाठी.

आणि खोक्यावरचा आकडा? तिथे दुसरी मेख. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ मशीनवर 'दिवसाला ३० लिटर' असं ठळक छापलेलं असतं आणि कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत '३० अंश, ८० टक्के'. ही परीक्षा मुंबईतल्या मे महिन्यातल्या न्हाणीघराची. तेच मशीन सत्तावीस अंश नि साठ टक्क्यांत निम्म्याच्या आसपास पाणी काढतं, वीस अंशांत त्याहूनही कमी. तीसवालं मशीन बाबूच्या रात्रीत तासाला अर्धा लिटर काढील, फार तर.

बाबूनं मोबाइलवर परदेशी माहिती खूप वाचली होती, पण त्यात सगळं पाइंटांत नि फॅरनहाइटमध्ये. त्याचं कारणही गमतीचं आहे. बंद खोलीत झाड वाढवण्याची ही विद्या अमेरिका-कॅनडात वाढली ती मुख्यतः गांजामुळे. कॅनडात २०१८च्या ऑक्टोबरात तो कायदेशीर झाला, अमेरिकेतल्या काही राज्यांत त्याच्या आधीच. तिथल्या खोल्यांना लागणारी मोठाली मशीनं, तिथलाच सगळा अनुभव. तेव्हा वरच्या आळीतल्या काकूंचा संशय अगदीच आकाशातून पडलेला नव्हता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. एक अमेरिकन पाइंट म्हणजे साधारण पावणेपाचशे मिलिलिटर. आणि तिथेही आकड्यांचा खेळ झालाच: २०१९मध्ये अमेरिकन सरकारनं चाचणीचं तापमान ८० फॅरनहाइटवरून ६५वर आणलं, तेव्हा काल सत्तर पाइंटचं म्हणून विकलं जाणारं यंत्र आज पन्नासचं झालं. यंत्र तेच. म्हणून लिटर विचारू नका, कुठल्या तापमानाला आणि किती टक्क्यांना लिटर, ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर कंपनीच्या पत्रकात तक्ता असतो. तक्ताच नसेल तर ते मशीन घेऊ नये, असं माझं मत.

मग उष्णतेचा विषय निघाला. लोकांना वाटतं हे मशीन एसीसारखं गार करतं. दुकानात चालू असेल तर त्याच्या मागे हात धरून बघा, गरम हवा येते. आत एक गार जाळी असते, तिच्यावर वाफेचं पाणी होतं. मग तीच हवा गरम जाळीवरून परत खोलीत. एक लिटर वाफेचं पाणी होताना साधारण ०.६८ युनिट उष्णता सुटते, वर मशीननं खाल्लेली वीजही उष्णता होऊनच निघते. एका युनिटला दोन लिटर काढणारं मशीन दिवसाला पंधरा लिटर काढत असेल, तर सगळं मिळून सतरा-अठरा युनिट उष्णता खोलीत. एक टनाच्या एसीची पाचवा हिस्सा ताकद ती बाहेर टाकण्यातच जाते. टनाचं गणित तात्यांच्या हाडात आहे. चोवीस तासांत एक अमेरिकन टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढणारा तो एक टनाचा एसी, साडेतीन किलोवॉट. "हे सगळे टन आमच्या कारखान्यातून गेलेत," असं ते छाती काढून सांगतात.

म्हणून मशीन घेताना लिटरांइतकाच दुसरा आकडा महत्त्वाचा: एका युनिटला किती लिटर. घरगुती स्वस्त मशीनं दीडच्या आसपास रेंगाळतात. लागवडीच्या खोल्यांसाठी बनवलेली मोठी मशीनं अडीच-तीनच्या पुढे जातात. किमतीतला फरक डोळ्यांवर येतो, पण जे यंत्र रोज रात्री चालायचं त्याची किंमत दुकानात थोडी आणि महावितरणच्या बिलात जास्त चुकवावी लागते.

माईंनी मधेच विचारलं, "ते चार-पाच हजारांचं छोटं येतं ना? टीव्हीखाली मावतं, आवाज नाही." आलं होतं बाबूच्याही मनात. ती पेल्टियरवाली मशीनं. आत कॉम्प्रेसरच नाही, दिवसाला काही शे मिलिलिटर काढतात. कॅमेऱ्याच्या कपाटाला ठीक. कपाटात ठेवायचे ते ओल शोषणारे डबेही तसेच, कॅल्शियम क्लोराइडचे. पावसाळ्यात साड्यांना बरे, झाडांच्या खोलीत हसू होईल. तिसरा प्रकार सिलिका जेलच्या फिरत्या चाकाचा. औषधांच्या कारखान्यांत, बियाणांच्या गोदामांत असतो. पंधरा अंशांच्या खाली, जिथे साध्या मशीनच्या जाळीवर बर्फ धरतो, तिथे तोच कामाचा. पण त्याचं चाक वाळवायला हीटर लागतो आणि ती ओली गरम हवा नळीनं बाहेर सोडावी लागते. वीस अंशांच्या बेसिलला त्याची गरज नाही, असं तात्यांनी एका वाक्यात निकालात काढलं.

सर पुन्हा आली तेव्हा आम्ही सगळे माईंच्या पडवीत सरकलो. चहा झाला. तात्यांनी बाबूला दुकानात करायच्या एका परीक्षेची गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यांत पटली. मशीन लावायचं, चालू करायचं, आणि मग सरळ प्लग ओढायचा. पाच मिनिटांनी परत लावायचा. आपसूक चालू झालं तर ठीक. टच बटणांची बरीच मशीनं वीज परत आल्यावर तशीच झोपून राहतात, कोणी बटण दाबीपर्यंत. आमच्याकडे पावसाळ्यात फांदी पडली की लाइट गेलीच, बहुतेक मध्यरात्री. बाबू झोपलेला, एसी परत चालू, मशीन बंद, आणि सकाळी पानांखाली लव. म्हणून ऑटो रिस्टार्ट असल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

मशीनची टाकी दोन-चार लिटरची. भरली की ते थांबतं. रोज पहाटे टाकी रिकामी करणारा नातू माईंना मिळालेला नाही, तेव्हा नळी हवीच. खोली माडीवर असल्यानं उतार आयता. पण भिंतीत भोक पाडून नळी बाहेर काढली की तिला खाली एक वाकडा सापळा ठेवायचा, पाणी साचून राहील असा, नाहीतर त्याच वाटेनं बाहेरची दमट हवा आणि माशा आत. भोकाभोवती सिलिकॉन. महिन्यातून एकदा नळीत गरम पाणी ओतायचं, आत बुळबुळीत थर धरतो.

निघालेलं पाणी फेकू नये. त्यात क्षार नसतात, रोपांच्या टाकीत परत घालता येतं. फक्त ते पिण्याचं नव्हे, आणि जाळीचं तांबं-अॅल्युमिनियम नि हवेतले जंतू त्यात उतरलेले असू शकतात, म्हणून गाळून, जमल्यास यूव्हीखालून. हे ऐकल्यावर माईंचा चेहरा जरा उजळला. पाणी परत येतं म्हणजे निदान विहिरीचा पंप तेवढा कमी.

मीटर कितपत खरं सांगतं, ते माईंनीच स्वतःच्या हातानं तपासलं. स्वयंपाकघरातलं साधं मीठ बाटलीच्या बुचात घेऊन चार थेंब पाणी. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं राहायला हवं. बूच नि मीटर एका घट्ट पिशवीत रात्रभर. सकाळी आकडा पंचाहत्तर आला पाहिजे. बाबूच्या मीटरवर एकोणऐंशी आला. म्हणजे चार कमी धरायचे. मशीनमध्ये असतो तो सेन्सर तर स्वतःच्या तोंडाशी असलेली हवा मोजतो, आणि मशीनच्या तोंडाशी हवा कोरडीच असते. मीटर पानांच्या उंचीला, रॅकच्या आत, दिव्याच्या सावलीत टांगायचं, आणि त्याच्या सांगण्यावर मशीन चालवायचं. शिवाय हवा हलती ठेवायला दोन छोटे पंखे. मशीनची गरम हवा थेट रोपांवर येऊ द्यायची नाही. हवा कोंडली की लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं करपतात, कारण कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतो आणि पान वाफ सोडेना झालं की तो टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणजे फार ओलही वाईट, आणि चाळीस टक्क्यांचं वाळवंटही.

शेवटी काय घ्यायचं? दुकानदाराचं मत एक मोठं. तात्यांचं मत दोन मध्यम, पंचवीस-तीस लिटर छापलेली. एक बिघडलं तर दुसरं रात्र तरी काढील. मेकॅनिकला कोल्हापूरहून यायला चार दिवस लागले, तर तोवर रोपं जगतील. बाबूला किमतीत हे महाग वाटलं. मी तात्यांच्या बाजूनं. आमच्याकडे पावसात घाट बंद झाला की सुटा भाग मिळत नाही, हे पुण्यात छापलेल्या कुठल्याही सल्ल्यात नसतं.

आणि आधी एक परीक्षा बिनखर्चाची. रोपं नसताना खोली बंद करून ह्युमिडिटी पंचावन्नवर आणायची, मग सगळं बंद. तासाभरात ती ऐंशीला पोचली तर खोली 'बंद' नाही. चिरा श्वास घेतो, त्याच्या भोकांतून पाऊस आत येतो. मग मशीन रोपांची वाफ नव्हे, अरबी समुद्र उपसत बसतं. प्लास्टिकचा कागद किंवा पफ पॅनेल आधी, मशीन नंतर.

माईंचा आक्षेप मात्र उरलाच. बाहेर आभाळ फाटलंय, आत वीज जाळून पाणी द्यायचं, मग वीज जाळून तेच काढायचं, आणि वीज जाळून मशीनची उष्णता बाहेर टाकायची. त्यांना उत्तर देता येत नाही, आणि मला द्यावंसंही वाटत नाही. डिसेंबर ते मे बाबूनं साध्या शेडनेटखाली लावावं, खोली पावसाळ्यापुरती ठेवावी, असं मी त्याला सुचवलंय. हॉटेलवाले कबूल झाले तर होईल.

एवढ्यात वरच्या आळीतल्या काकू स्वतःच आल्या. गांजाची बातमी त्यांनी मागे टाकलेली. आता त्यांच्या जावयाला खोलीत केशर करायचंय, हेच मशीन चालेल का? तात्या म्हणाले, घाई नको. केशराचा कंद फुलताना साठवलेल्या अन्नावर जगतो, पानं नावाला, वाफ जवळजवळ नाही. उलट त्या खोलीत ओल राखावी लागते. धिंगरी आळंबीला तर भिंतींवर पाणी मारावं लागतं. पीक न विचारता मशीन सांगणारा माणूस दुकानदार असतो, असं म्हणून ते छत्री उघडून घरी गेले.

तेव्हा तुमच्या घरी कोणी असली खोली बांधली असेल, तर आधी आठवडाभर वही ठेवा: टाकीत किती घातलं, किती पाला कापून गेला, रात्री दहा ते सहात पातळी किती उतरली. ती वही घेऊन दुकानात जा, आणि त्यानं स्क्वेअर फूट विचारले तर दुसरं दुकान बघा.